‘निल’ रिपोर्टच्या पुढे

प्रिय डॉक्टर,

पत्रावरून कळलं की पेशंटचं वय ३१ आहे, लग्नाला चार वर्षं झालीत, दोन्ही सीमेन रिपोर्टवर ‘निल’ आहे आणि पुढच्या आठवड्यात सुईने शुक्रजंतू काढायचं ठरलंय. तू विचारतेस, घाई होतेय का? होतेय. आधी हात, मग रक्त आणि सगळ्यात शेवटी सुई, एवढा क्रम पाळ.

‘निल’वरून एवढंच कळतं की नमुन्यात शुक्रजंतू नाहीत. ते तयारच होत नाहीत की तयार होऊन वाटेत अडतात, ते आपण शोधायचं. तुझ्याच पेशंटचा रिपोर्ट पुन्हा काढ. वीर्य ०.८ मिली, पीएच ६.८, फ्रुक्टोज निगेटिव्ह. म्हणजे वीर्य कमी, आम्लधर्मी आणि त्यात नेहमीची साखर (फ्रुक्टोज) नाही, तेव्हा वाटेतल्या अडथळ्याची शंका घ्यायला हवी. ही ओळ कुणी वाचलेली दिसत नाही. तपासताना वृषणकोशाचा वरचा भाग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धर. नसबंदीत जी नस बांधतात, ती ताणलेल्या सुतळीसारखी बोटांखालून सटकायला हवी. दोन्ही बाजूंना नसच लागली नाही, तर ती जन्मतःच नाही आणि अशा बहुतेकांत सीएफटीआर या जनुकात बदल सापडतो. हे जनुक सिस्टिक फायब्रोसिसचं, म्हणजे फुप्फुसांना त्रास देणाऱ्या आनुवंशिक आजाराचं. या पुरुषांची फुप्फुसं सहसा ठणठणीत असतात, त्यामुळे त्यांना काहीच जाणवलेलं नसतं. त्यांचे शुक्रजंतू नीट तयार होतात आणि सुईने मिळतातही. पण त्याआधी बायकोचं सीएफटीआर तपासायला हवं. तीही वाहक निघाली, तर बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, कधी दोनात एकसुद्धा होते. आपल्याकडे सापडणारे बदल युरोपातल्यांपेक्षा बरेच वेगळे आहेत, म्हणून मोजकेच बदल बघणारं स्वस्त पॅनेल निगेटिव्ह आलं तरी निश्चिंत होऊ नकोस. पोटाची सोनोग्राफीही करून घे. एक मूत्रपिंड नसेल, तर कारण बहुधा सीएफटीआर नसून वेगळं असतं.

नस लागली, वृषण लहान आणि टणक आहेत आणि एफएसएच (वृषणाला शुक्रजंतू घडवायला लावणारं हार्मोन) वाढलेलं आहे, तर गाडी दुसऱ्या रुळावर जाते. कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, माग. क्लाइनफेल्टर म्हणजे ४७ गुणसूत्रं, एक्सएक्सवाय. साधारण ५०० ते ६५० मुलग्यांमागे एकाला हे असतं आणि पुष्कळांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. यांच्यातही मायक्रोटेसीने, म्हणजे वृषण उघडून सूक्ष्मदर्शकाखाली शोधल्यावर, चाळीस-पन्नास टक्क्यांत शुक्रजंतू मिळतात. पण कुणी ‘ताकदीचं’ म्हणून टेस्टोस्टेरॉन सुरू केलं असेल, तर आहे तेवढी निर्मितीही मंदावते. तेव्हा पहिला प्रश्न इंजेक्शनांचा विचार, जिममधलीसुद्धा.

वाय गुणसूत्राचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. १९७६ मध्ये टिएपोलो आणि झुफार्डी यांनी मांडलं की वायच्या लांब बाहूवर शुक्रजंतू घडवणारं काहीतरी आहे. पुढे त्या पट्ट्याला एझेडएफ म्हणू लागले आणि त्याचे ए, बी, सी असे भाग पाडले गेले. एझेडएफ-ए पूर्ण गळालेला असेल, तर वृषणात शुक्रजंतू सापडतच नाहीत. बी पूर्ण गळाला असेल, तर जवळपास तेच. अशा माणसाला ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचं म्हणजे त्याचे पैसे आणि त्याचं वृषण दोन्हींशी खेळणं. सी गळाला असेल, तर निम्म्याअधिक जणांत काहीतरी हाती लागतं. मात्र त्या शुक्रजंतूपासून इक्सीने (एक शुक्रजंतू थेट स्त्रीबीजात टोचून) मुलगा झाला, तर त्याच्याकडेही हाच तुटका वाय जाणार. हे उपचारापूर्वी जोडप्याला सांगायचं. ‘मग मुलीचाच गर्भ ठेवा’ असं कुणी सुचवलं, तर स्पष्ट नाही म्हण. लिंगनिवडीला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे.

आकडा कमी, पण शून्य नाही आणि घरात वारंवार गर्भपात, तर ट्रान्सलोकेशन, म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल, मनात ठेव. इथे भावंडांनाही कळवावं लागतं. आणि ज्याला दाढी उशिरा, विरळ आली त्याला विचार, फोडणीचा वास येतो का? नाही म्हणाला, तर एफएसएच आणि त्याच्या जोडीचं हार्मोन एलएच बघ. दोन्ही कमी निघाले, तर तो कॉलमन असू शकतो, म्हणजे जन्मतः वास न येणं आणि ही हार्मोनं कमी असणं, दोन्ही एकत्र. त्याला हार्मोनची इंजेक्शनं लागू पडतात. आपल्या या यादीत औषधाने सरळ सुधारणारा जवळजवळ हा एकटाच.

बोलायचं कसं, हेही विचारलं आहेस. रिपोर्ट आधी त्याच्या एकट्याच्या हातात दे. सासूबाई बाहेर बाकावर असतात, सुनेच्या फायलीत गर्भनलिकांचा एक्स-रे आणि दुर्बिणीची तपासणी असते आणि नवऱ्याचा साधा सीमेन रिपोर्ट कालपरवाचा. ही फाईल तुला दर आठवड्याला दिसेल. त्यातून तो माणूस खाली मान घालून विचारतो, लहानपणीच्या सवयीमुळे झालं का, मोबाईल खिशात ठेवतो म्हणून का? सांग, जन्माआधीच ठरलेलं होतं, तू काही केलेलं नाहीस. ‘आमच्या खानदानात असं कुणालाच नव्हतं’ असंही येईल. बरोबरच आहे. क्लाइनफेल्टर आईबापाकडून चालत येत नाही आणि वायचा तुकडाही बहुधा त्याच्यातच पहिल्यांदा गळलेला असतो. बायकोला काय सांगायचं ते त्याच्या संमतीने, दोघांना समोर बसवून. सासूबाईंना काय सांगायचं ते त्या दोघांनी ठरवावं. आपण मध्ये पडायचं नाही.

शंभर-दोनशे जनुकांचं महागडं पॅनेल विकायला येणाऱ्या प्रतिनिधीला चहा पाज आणि परत पाठव. आधी वरच्या तपासण्या होऊ देत.

आता रक्ताच्या नळ्या. कॅरिओटाइपला हिरव्या टोपणाची, हेपॅरिनची. पेशी जिवंत पोचायला हव्यात, म्हणून रक्त गोठू द्यायचं नाही आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच नाही. वाय आणि सीएफटीआरसाठी जांभळ्या टोपणाची, ईडीटीएची. तुमच्याकडे कुरियर रविवारी बंद असेल, तर शनिवारी कॅरिओटाइपचं रक्त काढूच नकोस, सोमवारी सकाळी बोलाव. नवरा-बायको दोघांना एकाच दिवशी.

तुझा,
सर