फानेगा म्हणजे किती लिटर?

प्रश्न असा आहे: जुन्या स्पॅनिश गोष्टीचा अनुवाद करताना 'दोन फानेगा गहू' आणि 'एक आसुम्ब्रे वाइन' अशी मापं येतात. त्यांचे लिटर किती, आणि मराठीत सरळ पायली-शेर लिहावं का?

आधी बघायचं, गोष्ट घडते कुठे. कॅस्टीलची फानेगा सुमारे ५५.५ लिटरची, तर आरागोनमधल्या सारागोसाची जेमतेम २२.४ लिटरची. नाव तेच, माप निम्म्याहूनही लहान! कॅस्टीलमध्ये १२ सेलेमिनांची एक फानेगा. ही मापं धान्याची. वाइनचा हिशेब वेगळा: आठ आसुम्ब्रेंची एक कांतारा, म्हणजे १६.१३ लिटर, त्यामुळे आसुम्ब्रे दोन लिटरच्या आसपास. तेलाची आरोबा मात्र साडेबारा लिटरची. (हो, ईमेलमधल्या @ ला स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोक आजही 'आरोबा'च म्हणतात.)

यातली बरीच नावं अरबीतून आलेली. 'आसुम्ब्रे'च्या पोटात आठवा हिस्सा आहे, 'आरोबा'च्या पोटात पाव. पोर्तुगालचं वाइन-तेलाचं अल्मूद आणि धान्याचं अल्केर यांचं मूळही अरबीच. बारा कानादांचं एक अल्मूद, साठ अल्केरांचं एक मोयु.

धान्य मोजताना आणखी एक भानगड असे: माप शीग लावून भरायचं की काठाशी सपाट करून? सपाट करायच्या दांड्याला स्पॅनिशमध्ये 'रासेरो' म्हणतात, आणि सगळ्यांना एकाच रासेरोने मोजणं म्हणजे कुणाला झुकतं माप न देणं. आपणही 'शिगेला पोचणं' त्याच मापावरून म्हणतो.

फानेगा जमिनीचीही असते, बरं का. जेवढ्या रानात एक फानेगा बी पेरलं जाई, तेवढं रान एक फानेगा. कॅस्टीलमध्ये सुमारे ६,४४० चौरस मीटर. ब्राझीलमध्ये तर अल्केर आता जमिनीचंच माप म्हणून उरलंय: साओ पावलोकडे २४,२०० चौरस मीटर, मिनासमध्ये बरोबर दुप्पट. तेव्हा 'तीन फानेगा' दिसल्या की पोती की शेत, हे वाक्यावरून ठरवा.

स्पेनने १८४९ मध्ये आणि पोर्तुगालने १८५२ मध्ये मेट्रिक पद्धत स्वीकारायचं ठरवलं, त्यामुळे त्याआधीच्या गोष्टीत लिटर नकोच. पायलीही मला पटत नाही. ती आली की ला मान्चाच्या खळ्यावर आपला बलुतेदार उभा राहतो. पोर्तुगीजांनीसुद्धा गोव्यातली खंडी आपल्या कागदांत 'कांदिल' म्हणून तशीच घेतली होती. फानेगा, आसुम्ब्रे ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे अंदाज देणारा एखादा शब्द जोडा: 'दोन फानेगा, म्हणजे दोनेक पोती गहू'.