कसं कळलं? – वाचकांची पत्रं, बाईंची उत्तरं

नव्या वाचकांसाठी एकदाच सांगते. मी ३१ वर्षं जुन्नर तालुक्यातल्या शाळांत विज्ञान शिकवलं, आता नारायणगावात घरी असते. कोणी 'बाई, हे खरं का?' असं विचारलं, की मला आधी 'हे कोणाला कळलं आणि कसं?' हे सांगावंसं वाटतं. त्यामुळं उत्तरं लांबतात. संपादक कुरकुरतात, पण छापतात.

"बाई, आमचं रान खोडदच्या दुर्बिणीजवळ आहे. तबकड्यांमुळे ढग पांगतात, म्हणून आमच्याकडं पाऊस कमी, असं पारावर सगळे म्हणतात. आणि तिथं गेलं की मोबाईल बंद करायला लावतात. त्यातून काही किरण निघत नसतील तर भीती कशाची?"
– टोमॅटोवाला एक शेतकरी

दादा, भीती तुम्हाला नाही, त्यांना आहे. तुमच्या मोबाईलची.

खोडदची दुर्बीण म्हणजे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. तिच्या ३० तबकड्या काही सोडत नाहीत, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी नुसत्या ऐकतात. आणि जे ऐकायचं ते इतकं क्षीण, की चंद्रावर नेऊन एखादा मोबाईल चालू ठेवला तर खोडदला तो आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांमध्ये धरावा लागेल. मग तुमच्या खिशातल्या फोनचं काय होत असेल? पूर्वी ट्रान्झिस्टरवर बातम्या लागलेल्या असताना रस्त्यानं लूना गेली की खरखर व्हायची, आठवतंय ना? ती स्पार्क प्लगच्या ठिणगीची खरखर. त्यांना तेवढीसुद्धा नको असते.

आता पाऊस. तबकडी ४५ मीटर व्यासाची, पण जवळ जाऊन पाहा, आरपार आभाळ दिसतं. ती स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी आहे. ज्या रेडिओलहरी पकडायच्या त्या वीतभर किंवा त्याहून लांब, जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. लहरींना ती जाळी भिंतीसारखी, वाऱ्याला मात्र मोकळी वाट. अखंड पत्र्याची तबकडी केली असती तर वारा पेलायला सांगाडा कितीतरी जड लागला असता, आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ताणलेल्या दोरखंडांवर जाळी बसवायची युक्ती काढली. आता तुम्हीच सांगा, जी जाळी वारा अडवत नाही ती ढग काय अडवणार?

पाऊस कमी पडतो हे मात्र खरं आहे. ढग माळशेजच्या बाजूला सह्याद्री चढतानाच मोकळे होतात, तालुक्याच्या पूर्वेला उरलंसुरलं येतं. ७२ च्या दुष्काळात इथं एकही तबकडी नव्हती. पारावर कोणी जुनं माणूस असेल तर त्यालाच विचारा.

ऐकून त्यांना काय कळतं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही मेलेले तारे गरगर फिरत असतात आणि प्रत्येक फेरीला रेडिओचा एक ठोका आपल्याकडं येतो, घड्याळासारखा. मधून गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसवत जाणारी लाट, गेली तर ठोका किंचित आधी किंवा नंतर पोचेल. पण वाटेतल्या विरळ वायूमुळंही ठोका उशिरा येतो. मग उशीर कोणामुळं झाला हे ओळखायचं कसं? पुण्याहून मोटरसायकल आणि एसटी एकदम निघाल्या, तर राजगुरुनगर-मंचरच्या गर्दीत एसटी जास्त रखडते. नारायणगावच्या स्टँडवर बसून दोघींच्या वेळेतला फरक मोजला, की वाटेत गर्दी किती होती हे जागेवरून न उठता कळतं. लांब लहरी त्या वायूत अशाच जास्त रखडतात, आणि लांब लहरी ऐकण्यात खोडदची दुर्बीण पटाईत. म्हणून गर्दीचा उशीर तिला नेमका वजा करता येतो. जून २०२३ मध्ये युरोपातल्या दुर्बिणींचे आणि खोडदचे आकडे एकत्र मांडून शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की अवघं विश्व संथ गुरुत्वीय लहरींवर हेलकावत असल्याचा पुरावा मिळतो आहे. एकेक हेलकावा काही वर्षांचा. आणि तुमच्या रानाशेजारी बसून तो मोजलाय.

"बाई, माझी मोठी आत्या लहानपणीच विंचू चावून गेली. आता आमच्याकडं विंचू तेवढेच आहेत, पण त्यानं कोणी गेल्याचं फारसं ऐकू येत नाही. असं कोणतं औषध निघालं? आणि आमच्या वाडीतले बुवा विंचू उतरवायचे, ते सगळं थोतांड होतं का?"
– एक वाचक, पोलादपूर तालुका

ताई, तुमचं पत्र मी दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. माझं माहेर महाडकडचं. धाकटा भाऊ सात वर्षांचा होता, दिवाळीच्या सुटीत भाताच्या पेंढ्यावर खेळताना त्याला चावला. बोट धरून रडत आला. तासाभरात घामानं सदरा भिजला, ओकाऱ्या झाल्या, हातपाय थंड पडले. रात्री खोकला सुरू झाला आणि तोंडाशी गुलाबी फेस आला. पहाटे गेला. डॉक्टर आले होते, त्या वेळी जे इंजेक्शन देत तेच त्यांनी दिलं. आई पुढं कित्येक वर्षं म्हणायची, बुवाला अर्धा तास आधी बोलावलं असतं तर...

त्यानंतर काही वर्षांनी, १९७६ मध्ये, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांच्यासमोरही माणसं अशीच जात होती. ते रुग्णाच्या उशाशी बसले आणि टिपत राहिले : घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती, श्वास कधी लागला. माणूस वेदनेनं जात नाही, हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं म्हणून जातो, हे त्या टिपणांतून वर आलं.

होतं असं. लाल विंचवाच्या विषानं मज्जातंतू चेकाळतात, अंगात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. विहिरीवरची मोटार चालू आहे आणि पाईपवर कोणीतरी पाय दिलाय, तशी हृदयाची गत होते. तुंबलेलं पाणी मागं फुफ्फुसात उतरतं. तोच तो गुलाबी फेस. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची एक साधी गोळी आहे. ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते, म्हणजे पाईपवरचा पाय काढते. विंचवासाठी ती कोणी बनवलेली नव्हती. १९८० च्या दशकात बावस्करांनी ती विंचवाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. आधी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसएक जायचे, ते प्रमाण दोन-तीनच्याही खाली आलं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत, आणि मला त्यांचं खरं कौतुक इथं वाटतं. विंचवाच्या विषावरची प्रतिलस आल्यावर आपली गोळी पुरेशी आहे की नाही, हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी स्वतःच तपासलं. ७० रुग्ण घेतले. कोणाला काय द्यायचं हे स्वतः न ठरवता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. ३५ जणांना नुसती गोळी, ३५ जणांना गोळी आणि प्रतिलस. दहा तासांत पहिल्या गटातले ८ बरे झाले होते, दुसऱ्यातले ३२. निकाल २०११ मध्ये छापून आला. स्वतःच्या गोळीला दुसरा नंबर देणारा निबंध लिहायला जिगर लागते.

आता बुवा. मोठी काळी इंगळी चावली तर माणूस रात्रभर बोंबलतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. छोटा लाल विंचू घातक, आणि त्याचंही विष दर वेळी तेवढं अंगात जातं असं नाही. म्हणजे बहुतेकांचा विंचू बुवाविनाही उतरणारच होता. बुवांनी किती उतरवले हे वाडीत सगळ्यांना पाठ असतं. किती गेले, ते कोणी लिहून ठेवलं नव्हतं. माझ्या भावाचं नावही कुठल्या कागदावर नाही.

लहान मुलाला विंचू चावला आणि घाम, ओकारी, गार हातपाय यातलं काहीही दिसलं, तर चिरू नका, बांधू नका, गोळीही आपल्या मनानं देऊ नका. गाडी काढा.

"लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं, की तासाभरात गिधाडांच्या घिरट्या सुरू व्हायच्या. मग ती एकदम दिसेनाशीच झाली. कपाशीवरच्या फवारणीनं मेली असं आम्ही धरून चाललो होतो. आता ताडोबात आणून सोडली म्हणे. कारण सापडलं का?"
– निवृत्त ग्रामसेवक, चंद्रपूर जिल्हा

सापडलं, पण फवारणीत नाही. संशय तुमच्या एकट्याचा नव्हता, शास्त्रज्ञांनाही आधी कीटकनाशकाचा किंवा एखाद्या विषाणूचा वास आला होता. राजस्थानात भरतपूरच्या पाणथळीत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) या संस्थेचे विभू प्रकाश गिधाडं मोजत होते. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांना घरटी रिकामी दिसू लागली आणि झाडावर मान टाकून बसलेले पक्षी दिसू लागले. जुने आकडे हाताशी नसते तर 'हल्ली कमी झालीत' एवढंच म्हणून सोडून दिलं असतं.

उत्तर पाकिस्तानातल्या पंजाबात मिळालं. लिंडसे ओक्स हे अमेरिकी पशुवैद्यक शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडं उघडून पाहत होते. आतले अवयव चुना फासल्यासारखे पांढरे. मूत्रपिंड निकामी होऊन यूरिक ॲसिड साठलेलं. विषाणू शोधले, नाहीत. धातू, कीटकनाशकं तपासली, तीही नाहीत. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला : गिधाड खातं काय? ढोर. ढोराला देतात काय? ते जनावरांच्या डॉक्टरांकडं आणि औषधांच्या दुकानांत चौकशी करत फिरले. मूत्रपिंडाला घातक आणि खाण्यातून अंगात जाईल असं एकच औषध यादीत निघालं, डायक्लोफेनॅक. माणसाच्या कंबरदुखीचं, तेच. मग औषध दिलेल्या जनावराचं मांस पाळलेल्या गिधाडांना घालून खात्री केली. २००४ मध्ये हे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं.

अंगावर काटा येतो तो पुढच्या हिशोबानं. सगळ्या मेलेल्या ढोरांत औषध असायला हवं होतं असं नाही. दर ७६० ते १३० ढोरांमागं एकात असलं तरी एवढा संहार व्हायला पुरे, कारण एका ढोरावर अख्खा थवा उतरतो. आणि गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. आमच्याही म्हातारपणाला लागलेल्या गाईला १९९८ मध्ये ते टोचलं होतं, दोन दिवसांत ती उठून उभी राहिली म्हणून आम्ही खूश होतो.

भारतानं २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं, मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न बाधणारा पर्याय होता. तरी माणसांच्या नावावरच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. २०१५ मध्ये बाटली ३ मिलिलिटरवर आणली, तेव्हा ती वाट आकसली. हरियाणात पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये ताडोबात आणि पेंचमध्ये आली, ती तुम्ही ऐकलीत.

गिधाडं गेल्यावर मेलेली ढोरं कुत्र्यांना आणि पाण्याला उरली. त्यानं २००० ते २००५ या काळात भारतात पाच लाख माणसं जास्त मेली, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला. हा जिल्ह्याजिल्ह्यांच्या मृत्युदरांची तुलना करून काढलेला अंदाज आहे, डोकी मोजलेली नाहीत. मी तो खिशात ठेवते, वादात टेबलावर आपटत नाही.

"२०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी का झालं? कृपया एका वाक्यात."

पाणी आटून खारटपणा वाढला आणि मीठ आवडणारे सूक्ष्मजीव आपला गुलाबी रंग घेऊन माजले, हे पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुने तपासून कळलं. (संपादकहो, पाहा, जमतं.)

"बाई, मी नववीत आहे. मला संशोधन करायचंय. पप्पा दहावी झाल्यावर दुर्बीण घेऊन देणार आहेत. तोपर्यंत काय करू?"
– एक विद्यार्थिनी, बेल्हे

दुर्बीण येईल तेव्हा येईल, संशोधन तिच्यावाचून अडत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी मण्यांवर काम केलं. बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात, आणि निरक्षर दाईला पन्नास-साठपर्यंत न चुकता मोजणं कठीण. म्हणून एक मिनिटाची वाळूची घडी आणि मणी दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी गाठला तर न्यूमोनिया. पुढं त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, शेजारच्या ४७ गावांत नेहमीचंच चालू राहिलं, आणि दोन्हीकडचे मृत्यू मोजले. तिसऱ्या वर्षी हजार बाळांमागं इकडं साधारण २५, तिकडं ६०.

तुझ्यासाठी माझ्याकडं काम आहे. सपाट बुडाची, सरळ उभ्या भिंतींची काचेची बरणी घे. अंगणात झाडापासून आणि वळचणीपासून लांब ठेव. रोज सकाळी साडेआठला, हवामान खातं मोजतं त्याच वेळेला, आतलं पाणी पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोज, लिही, ओतून दे. तालुक्याच्या पश्चिमेला, माळशेजच्या बाजूच्या मढकडं कोणी मावशी-आत्या असेल तर तिथं तशीच बरणी ठेवायला सांग. एका पावसाळ्यानं काही ठरत नाही, तीन तरी घे. एखादा दिवस चुकला तर ती जागा कोरी ठेव, अंदाजानं भरू नकोस. वही भरली की मला पाठव. पहिल्या पत्रातल्या टोमॅटोवाल्या दादांना पारावर वाचून दाखवायला ती लागणार आहे.