सीनियर प्ले आणि सीनियर ट्रिप: मुलीला दोन्हींसाठी होकार द्यावा का?

तुमची मुलगी अमेरिकेतील हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. वसंत ऋतूत तिच्या वर्गाचे नाटक आहे आणि त्यानंतर काही आठवड्यांनी वर्गाची वॉशिंग्टनची सहल आहे. तालमींमुळे अभ्यास मागे पडेल आणि सहलीचा खर्चही बराच आहे, तेव्हा दोन्हींना परवानगी द्यावी की एकालाच, आणि पालक म्हणून स्वतः सोबत जावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझा मुलगा काही वर्षांपूर्वी याच वाटेने गेला. त्याच्या नाटकाच्या वेळी मी पडद्यामागे मदत केली होती आणि सहलीलाही गेलो होतो, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो: नाटकाला लगेच हो म्हणा, आणि सहलीला कागद नीट वाचून हो म्हणा.

या दोन गोष्टी आज वेगवेगळ्या वाटत असल्या, तरी मुळात त्या एकाच हिशेबाच्या दोन बाजू होत्या. विसाव्या शतकात अनेक लहान गावांतील शाळांमध्ये शेवटच्या वर्षाची मुले नाटक बसवत, गाव तिकीट काढून ते पाहायला येई, आणि त्या पैशांत केक विकून, गाड्या धुऊन मिळवलेल्या पैशांची भर घालून अख्खा वर्ग वॉशिंग्टनला किंवा न्यूयॉर्कला जाऊन येई. आता बहुतेक ठिकाणी सहल पर्यटन कंपनीकडे सोपवलेली असते आणि पैसे पालक भरतात. माझ्या मते इथे काहीतरी हरवले आहे, कारण पूर्वी सहल मुलांनी कमावलेली असे. म्हणून वर्गाच्या खजिनदाराला किंवा सल्लागार शिक्षकांना पहिला प्रश्न हा विचारा की, नाटकाचे उत्पन्न कोणत्या खात्यात जाते आणि त्यातून सहलीच्या शुल्काला काही हातभार लागतो का.

मात्र त्या उत्पन्नाकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नका. हक्क राखीव असलेल्या नाटकाच्या प्रत्येक प्रयोगामागे हक्कधारकांना मानधन द्यावे लागते, आणि प्रवेश विनामूल्य ठेवला म्हणून ते माफ होत नाही. थॉर्नटन वाइल्डर यांचे ‘अवर टाउन’ हे १९३८ सालचे, पुलित्झर पारितोषिक मिळालेले नाटक तिकडच्या शाळांना प्रिय आहे, यामागे एक साधे कारण असे की, त्याला नेपथ्य जवळजवळ लागतच नाही. दोन टेबले, काही खुर्च्या आणि दोन शिड्या एवढ्यावर गाव उभे राहते. पण त्याचेही हक्क अमेरिकेत २०३४ साल उजाडल्याशिवाय खुले होत नाहीत. मानधनाइतक्याच कडक बाकीच्या अटी असतात. आमच्या मुलांनी दुसरा अंक लांबतो म्हणून दोन पाने परस्पर कापली होती. लेखी परवानगीशिवाय संहितेला हात लावता येत नाही हे शिक्षिकेच्या लक्षात आले, तेव्हा प्रयोगाला नऊ दिवस उरले होते आणि ती दोन पाने नव्याने पाठ करावी लागली.

आता अभ्यासाबद्दल. बारावी आणि नाटक हे शब्द एका वाक्यात आले की आपल्या पिढीच्या मराठी पालकांच्या पोटात गोळा येतो, पण तिकडे वसंतापर्यंत महाविद्यालयांचे अर्ज जाऊन पडलेले असतात आणि कोणत्या महाविद्यालयात जायचे हे बहुतेकांना १ मेपर्यंत कळवायचे असते. खरी अडचण असते ती मेच्या पहिल्या दोन आठवड्यांतील एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच दिल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या, परीक्षांची. प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यात प्रकाशयोजना, ध्वनी आणि रंगीत तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. तो आठवडा एपीला चिकटून येत असेल, तर मुलीबरोबर बसून वेळापत्रक आत्ताच आखा. शेवटच्या महिन्यांत अभ्यासातून मन उडण्याच्या प्रकाराला तिकडे ‘सीनियरायटिस’ असे नावच आहे, आणि ज्या मुलाला रोज साडेतीनला तालमीला हजर राहायचे असते, त्याला हा आजार कमी होतो असे मी पाहिले आहे.

भूमिका छोटी असली तरी हरकत नाही. प्रयोगाच्या रात्री मी विंगेत सामानाच्या टेबलाशी उभा होतो. टेबलावर पांढरा कागद पसरून त्यावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा आखलेली होती: इथे कंदील, इथे पत्र, इथे चष्मा. काळोख झाला की जमिनीवर चिकटवलेल्या, अंधारात चमकणाऱ्या हिरवट पट्ट्यांच्या खुणेने मुले खुर्च्या हलवत. वर्गात चार वर्षे तोंड न उघडलेली एक मुलगी निळा कागद लावलेली विजेरी घेऊन सगळ्यांना कुजबुजत हुकूम सोडत होती, आणि फुटबॉल संघातले दोन धिप्पाड मुलगे निमूटपणे ऐकत होते.

सहलीच्या कागदांत तीन ठिकाणी थांबा. पहिले, रद्द करण्याच्या अटी: गुण घसरले किंवा शिस्तभंग झाला तर मुलाला वगळण्याचा अधिकार शाळा बहुधा राखून ठेवते, आणि तेव्हा पैसे परत मिळतीलच असे नाही. दुसरे, बस रात्रभर चालणार असेल तर चालक किती आहेत हे विचारा; तिकडच्या नियमाप्रमाणे सलग आठ तास विश्रांती घेतलेल्या बसचालकाला जास्तीत जास्त दहा तास गाडी चालवता येते. तिसरे, खर्च झेपत नसेल तर संकोच न करता मदतनिधीची चौकशी करा. कॅलिफोर्नियात तर पैसे नाहीत म्हणून विद्यार्थ्याला शाळेच्या सहलीपासून रोखता येणार नाही असा कायदाच आहे.

वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेच्या संग्रहालयांना प्रवेश विनामूल्य आहे, त्यामुळे शुल्कातला मोठा वाटा बस, हॉटेल आणि जेवणाचा असतो. मला स्वतःला लिंकन स्मारकापेक्षा आर्लिंग्टन हे शहराजवळचे सैनिकांचे राष्ट्रीय दफनस्थान अधिक लक्षात राहिले. अनाम सैनिकाच्या समाधीपुढे पहारेकरी २१ पावले चालतो, २१ सेकंद थांबतो, वळतो आणि पुन्हा चालू लागतो. बसमध्ये कान किटवणारी आमची पन्नास मुले तिथे अशी गप्प झाली की बुटांच्या टाचांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

रात्री हॉटेलात सोबतचे पालक खोल्यांच्या दारांना बाहेरून चिकटपट्टी लावतात. सकाळी ती तुटलेली दिसली की चौकशी होते. हे काम माझ्याकडे होते. तुम्ही सोबत जाणार असाल तर पार्श्वभूमी तपासणीचा अर्ज लवकर भरा, कारण काही ठिकाणी बोटांचे ठसेही मागतात आणि त्याला वेळ लागतो. आणि जाण्यापूर्वी मुलीला विचारा. मी विचारले नव्हते. परतीच्या प्रवासात मुलगा बसच्या अगदी मागच्या बाकावर बसला होता आणि मी चालकाच्या मागे. वाटेत एका थांब्यावर त्याने माझ्यासमोर कॉफीचा पेला ठेवला आणि काही न बोलता मित्रांत निघून गेला.