आभाळातली ती रेघ धुराची नव्हे

प्रश्न असा आला आहे: उंचावरून विमान गेल्यावर मागे जी लांब पांढरी रेघ राहते, ज्याला इंग्रजीत ‘कॉन्ट्रेल’ म्हणतात, तिला मराठीत ‘धूररेषा’ म्हणावं का?

माझं मत, म्हणू नये. लहानपणी आम्हीही “रॉकेट बघ, धूर सोडतंय!” म्हणत अंगणात धावायचो. पण ती रेघ बर्फाच्या बारीक कणांची असते. विमानाचं एक किलो इंधन जळलं की हवेतला ऑक्सिजन मिळून सुमारे सव्वा किलो पाणी तयार होतं आणि वाफ होऊन बाहेर पडतं. ८ ते १२ किलोमीटर उंचीवरच्या कडाक्याच्या थंडीत ती लगेच गोठते. धुराचा यात काहीच हात नाही असं नव्हे, कारण बर्फ धरतो तो बहुतेक काजळीच्या कणांभोवती. पण आपल्याला दिसतो तो बर्फच.

‘बाष्परेषा’ जमत नाही, कारण बाष्प डोळ्यांना दिसत नाही. ‘हिमरेषा’ गोड आहे, पण ती भूगोलाने आधीच घेतली आहे: डोंगरावर बारमाही बर्फ जिथून सुरू होतो, त्या सीमेसाठी.

कुणी म्हणेल, धूमकेतूत तरी कुठे धूर असतो? खरं आहे. पण त्या नावाने कुणाची दिशाभूल होऊन काही बिघडत नाही. इथे बिघडतं. ‘धूर’ ऐकला की वाटतं, विमानाचा हवामानावरचा परिणाम म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. प्रत्यक्षात वरची हवा कोरडी असेल तर रेघ लगेच विरते, पण दमट असेल तर तासन्‌तास टिकते, रुंदावते आणि तिचे पातळ तंतुमेघ होतात. ते दिवसा थोडं ऊन परतवतात, पण जमिनीकडून वर जाणारी उष्णता दिवसा अडवतात तशी रात्रीही अडवतात. गोळाबेरीज तापण्याकडे झुकते. २०१८ पर्यंतच्या उड्डाणांचा हिशेब मांडणारा एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. विमानांमुळे पृथ्वीवर अडणाऱ्या उष्णतेत त्याने या ढगांचा वाटा निम्म्याहून जास्त धरला आहे, कार्बन डायऑक्साइडचा साधारण एक तृतीयांश. (अर्थात ढग काही तासांत जातात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. म्हणून त्याला कमी लेखू नये.)

तेव्हा नावात ढग हवाच. माझी सूचना ‘ढगरेघ’. ‘ढगफुटी’ रुळली, तशी हीही रुळेल. जागतिक हवामान संघटनेच्या ढगांच्या अ‍ॅटलासनेही २०१७ साली, १० मिनिटं तरी टिकलेल्या अशा रेघेला ‘सिरस होमोजेनिटस’, म्हणजे माणसाने घडवलेला तंतुमेघ, असं नाव देऊन ढगांत बसवलं आहे.

आणि ‘रेषा’ नको, ‘रेघ’च हवी. रेषा भूमितीतली, तिला जाडीच नसते. रेघ ओढली जाते आणि फिसकटतेही. संध्याकाळी ती पसरलेली दिसली की सहज म्हणता येईल, “ढगरेघ फिसकटली.”