फोन गेला, की नुसताच गप्प आहे?

प्रश्न : माझा जुना स्मार्टफोन सुमारे पाच महिने कपाटात पडून होता. त्यातले काही फोटो हवे आहेत म्हणून परवा तो बाहेर काढला, तर बटण कितीही दाबले तरी सुरू होत नाही. चार्जरला लावून पंधरा मिनिटे वाट पाहिली, पण स्क्रीनवर बॅटरीचे चिन्हसुद्धा उमटले नाही. फोन गेला असे समजावे का? आणि फोटोंचे काय?

उत्तर : इतक्यात निकाल देऊ नका. पाच महिने पडून राहिलेला फोन चार्जरला लावल्यावर पहिली पंधरा मिनिटे गप्प राहिला, तर त्यात नवल काही नाही. फोन बंद असला तरी त्याची बॅटरी थोडी थोडी उतरतच राहते. पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन बॅटरीचे व्होल्टेज ४.२ किंवा त्याहून किंचित जास्त असते आणि ते ३ व्होल्टच्या थोडे वर असतानाच फोन स्वतःला बंद करून घेतो. आपला फोन कपाटात गेला तेव्हा बॅटरी आधीच उतरलेली असेल, तर नंतरच्या महिन्यांत ती त्याही खाली गेलेली असणार. इतक्या रित्या बॅटरीला एकदम मोठा विद्युतप्रवाह सोसत नाही. म्हणून चार्जिंगचे सर्किट आधी अगदी क्षीण प्रवाह सोडते आणि बॅटरी ठरावीक पातळीवर आली की मगच वेग वाढवते. तोवर स्क्रीन उजळण्यापुरतीही वीज हाताशी नसते आणि पाहणाऱ्याला वाटते की चार्जिंग होतच नाही.

मात्र पुन्हा चार्जरला लावण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. फोन आडवा डोळ्यांसमोर धरा आणि स्क्रीन व कडेची चौकट यांच्यामधली फट नीट न्याहाळा. ती एखाद्या बाजूला रुंदावलेली असेल किंवा मागचे झाकण पोटासारखे फुगलेले असेल, तर बॅटरीत वायू साठला आहे. अशी बॅटरी चार्ज करायची नाही, दाबून बसवायची नाही आणि टोचायची तर मुळीच नाही. तो फोन थेट दुरुस्ती केंद्रातच न्यावा.

फुगवटा नसेल, तर चार्जर भिंतीवरच्या सॉकेटला लावा, संगणकाला नको, कारण संगणकाच्या साध्या यूएसबी पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळण्याची शक्यता असते. मग फोन निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, तसाच ठेवा. या वेळात दर दोन मिनिटांनी बटण दाबून पाहण्याचा मोह टाळावा. फोन सुरू होताना बरीच वीज खेचतो, त्यामुळे जेमतेम जमलेली पुंजी प्रत्येक प्रयत्नात खर्च होते आणि फोन पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

तासाभरानंतरही काही हालचाल नसेल, तर केबल आणि चार्जर दोन्ही बदलून पाहा. दुसऱ्या चालू फोनवर आपल्या केबलची परीक्षा घेतली म्हणजे दोष कोणत्या बाजूला आहे ते कळते. त्यानंतर पाळी पोर्टची. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा दोष इथेच सापडतो आणि सर्वांत कमी वेळा तिथे पाहिले जाते. विजेरीचा झोत पोर्टमध्ये टाका. सी-टाइपच्या पोर्टमध्ये मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना तळाशी खिशातला कापसासारखा कचरा दर वेळी पिन खुपसताना दाबला जाऊन करड्या नमद्यासारखा घट्ट बसतो. पिन नेहमीपेक्षा केसभर बाहेर राहत असेल, ‘टक्’ असा आवाज न होता सैल हलत असेल, तर समजावे की कचरा आहे. केबल काढून, लाकडी दातकोरणीच्या टोकाने तो हलकेच उकरून काढा. सुई किंवा टाचणी वापरू नका. धातूमुळे शॉर्ट सर्किट होऊ शकते आणि ती नाजूक जीभही मोडते. फोनला वायरलेस चार्जिंगची सोय असेल तर तेही करून पाहावे. त्यावर चार्ज झाला, तर बॅटरी शाबूत आहे आणि बिघाड पोर्टचा किंवा केबलचा आहे.

कधी कधी बॅटरी भरलेली असते, पण प्रणाली अडकून पडलेली असते. अशा वेळी सक्तीने रीस्टार्ट करावे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र १० ते २० सेकंद दाबून धरतात. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलांत आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडायचे, मग कमी करण्याचे दाबून सोडायचे आणि लगेच बाजूचे बटण बोधचिन्ह दिसेपर्यंत धरून ठेवायचे. याने साठवलेले काही पुसले जात नाही.

फोटो बॅटरीत नसतात, स्टोरेजच्या चिपमध्ये असतात. म्हणून बॅटरी बदलली तरी ते जागेवरच राहतात. अडचण मदरबोर्ड, म्हणजे या सगळ्या चिपा बसवलेली मुख्य पाटी, गेला तरच येते. हल्लीच्या फोनमधली माहिती कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, असते आणि तिची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते, त्यामुळे नुसती चिप काढून दुसरीकडे लावल्याने फोटो मिळत नाहीत. दुरुस्तीला देताना ‘आतले फोटो हवे आहेत, फॅक्टरी रीसेट करू नका’ हे आधीच स्पष्ट सांगा आणि पावतीवर लिहून घ्या.

प्रश्न : माझा फोन हातातून पडल्यापासून सुरूच होत नाही, पण सकाळचा गजर मात्र वाजतो. हे कसे?

उत्तर : आपला फोन चालूच आहे, गेली आहे ती स्क्रीन किंवा तिची आतली जोडणी. दुसऱ्या फोनवरून फोन लावून घंटी ऐकू येते का ते पाहा, म्हणजे खात्री पटेल. या अवस्थेत बॅटरी बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

प्रश्न : भिजलेला फोन तांदळात ठेवला तर चार्ज होऊ लागतो का?

उत्तर : तांदळाने आतले पाणी निघत नाही, उलट त्याची भुकटी पोर्टमध्ये जाते, ॲपलनेही तांदळात ठेवू नका असेच सांगितले आहे. फोन बंद करा, पोर्ट खाली करून तळहातावर हलके आपटा आणि वाऱ्यात ठेवा. ओल्या पोर्टमध्ये पिन घालून वीज सोडली की धातूचे संपर्क गंजू लागतात, म्हणून पूर्ण सुकेपर्यंत केबल लावू नये. पाणी खारे असेल तर फोन वरून कोरडा झाला तरी मीठ आत राहते. तेव्हा वाट न पाहता तो उघडून साफ करून घ्यावा.