उमेदवाराने ऐन वेळी माघार घेतली तर अमेरिकेत काय होते?

प्रश्न : 2024 च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या इंदुरात काँग्रेसच्या उमेदवाराने माघारीच्या शेवटच्या दिवशी, 29 एप्रिलला, अर्ज मागे घेतला. पर्यायी उमेदवाराचा अर्ज छाननीतच बाद झालेला, त्यामुळे मतदानयंत्रावर पंजा आलाच नाही. अमेरिकेत असे झाले तर पक्ष दुसरा उमेदवार देऊ शकतो का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : बहुतेक राज्यांत देऊ शकतो, मात्र मतदानाला किती दिवस उरलेत यावर सगळे ठरते.

आपल्याकडे ‘बी’ फॉर्म ज्याच्या हाती, तो पक्षाचा उमेदवार. तिथे उमेदवार सहसा प्रायमरीत, म्हणजे सरकारी यंत्रणेने घेतलेल्या प्राथमिक मतदानात ठरतो. जिंकलेल्याने माघार घेतली की पक्षाची समिती नवे नाव देते. पण सगळी निवडणूक चालवणारा एकच केंद्रीय आयोग तिथे नाही. नियम राज्याचे असतात, आणि मतपत्रिका बहुधा काउंटी, म्हणजे जिल्हा छापून घेते. खरी अडचण या छपाईचीच. सैनिक आणि परदेशी राहणाऱ्या मतदारांनी मागितलेल्या मतपत्रिका मतदानाच्या 45 दिवस आधी रवाना व्हाव्यात, असा केंद्राचा 2009 चा कायदा आहे. त्यानंतर नाव बदलायचे म्हणजे टपालात पडलेल्या मतपत्रिका निस्तरणे आले.

न्यू जर्सीत 2002 मध्ये सिनेटर रॉबर्ट टॉरिसेली यांनी मतदानाला 36 दिवस असताना माघार घेतली. कायद्यातली मुदत 51 दिवसांची. तरीही मतदारापुढे दोन्ही पक्षांचा पर्याय असावा म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नवे नाव घालू दिले, फेरछपाईचा खर्च मात्र डेमोक्रॅटिक पक्षावर टाकला. बदली उमेदवार फ्रँक लॉटेनबर्ग निवडून आले. आमच्या मते निकाल योग्य होता. मिसुरीत 2000 साली मेल कार्नाहन मतदानाच्या तीन आठवडे आधी विमान अपघातात गेले. तिथे नाव बदलता आले नाही, आणि लोकांनी त्या दिवंगत उमेदवारालाच निवडून दिले! मग गव्हर्नरने त्यांच्या पत्नीची सिनेटवर नेमणूक केली.

आणखी एक वाट इंदूरकरांना नव्हती : राइट-इन. अनेक राज्यांत मतपत्रिकेवर शेवटी कोरी ओळ असते, तिथे हवे ते नाव स्वतः लिहायचे. बऱ्याच ठिकाणी अशा उमेदवाराने आधी नोंदणी केलेली असावी लागते, नाहीतर मत मोजत नाहीत. अलास्कात 2010 मध्ये प्रायमरी हरलेल्या लिसा मर्कोव्स्की याच वाटेने सिनेटवर गेल्या. नाव लिहून शेजारचा लंबगोलही भरायचा होता, नुसत्या नावाचे मत धरले जात नव्हते. आडनावाच्या स्पेलिंगवरून भांडण कोर्टात गेले. मतदाराचा हेतू कळतो तिथे किरकोळ चूक चालेल, असा निर्णय झाला.

प्रश्न : तेव्हा इंदुरात ‘नोटा’ला 2 लाख 18 हजार 674 मते पडली. तिथे नोटा आहे का?

उत्तर : नेवाडा राज्यात आहे, 1970 च्या दशकापासून, तोही राज्यव्यापी पदांना आणि राष्ट्राध्यक्षपदाला. आपल्यासारखाच, जिंकला तरी निकाल बदलत नाही. 2014 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत गव्हर्नरपदासाठी ‘यांपैकी कोणी नाही’ला सुमारे 30 टक्के मते मिळाली आणि तो पहिला आला. उमेदवारी गेली सुमारे 25 टक्के मते घेऊन दुसऱ्या आलेल्या बॉब गुडमन यांना.