'बनावे ही ग्रामीण नगरपालिका' असं म्हणावं का?

फिलिपिन्समधल्या बनावेबद्दल मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे की, 'बनावे ही एक ग्रामीण नगरपालिका आहे' हे वाक्य चालेल का. माझ्या मते चालणार नाही. तिथे 'म्युनिसिपालिटी'साठी 'तालुका' हवा.

आपल्याकडे नगरपालिका म्हटलं की वॉर्ड, घरपट्टी, घंटागाडी आणि नगराध्यक्ष आठवतात. शहराची हद्द संपली की पालिकाही संपते. फिलिपिन्समध्ये प्रांताची सगळी जमीनच शहरं आणि म्युनिसिपालिट्या यांच्यात वाटलेली असते. डोंगर, जंगल, शेतं, सगळं कुठल्या ना कुठल्या हद्दीत येतंच. बनावे लुझोन बेटाच्या उत्तरेकडे, कॉर्डिलेरा पर्वतातल्या इफुगाव प्रांतात आहे. त्यात 18 बरंगाय, म्हणजे तिथले सर्वात लहान प्रशासकीय विभाग, आहेत. पोब्लासिओन हे त्यातलं मुख्य ठाणं. बताद हाही त्यातलाच एक बरंगाय. तिथे दगडी बांधांची भातखाचरं अर्धवर्तुळात उतार चढत गेली आहेत आणि तळाशी वस्ती आहे. खाचरांच्या वरच्या अंगाला कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या राखलेली राई असते, तिला मुयोंग म्हणतात. खाचरांना पुरणारं पाणी ती धरून ठेवते. बताद आणि शेजारचं बंगाआन यांची खाचरं 1995 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. एवढ्या सगळ्याला 'नगर' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्युनिसिपालिटी या विभागाचं मूळ स्पॅनिश काळातल्या 'पुएब्लो'त, म्हणजे चर्चभोवती वसवलेल्या गावात आहे. विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना चर्चभोवती आणायचं, घंटेचा आवाज पोचेल एवढ्या अंतरात ठेवायचं, असं ते धोरण होतं. सखल भागात ते बरंचसं जमलं, कॉर्डिलेराच्या डोंगरात जमलं नाही. ही खाचरं दोन हजार वर्षांची असल्याचं सर्रास लिहिलं जातं. पण इफुगावमधल्याच कियांगानच्या जुन्या वस्तीतल्या उत्खननातून वेगळं चित्र पुढे आलं आहे. तिथली पाण्यावरची भातशेती सुमारे 1600 नंतर वाढली आणि स्पॅनिश सत्तेपासून दूर वर सरकलेल्या लोकांशी तिचा संबंध असावा, असं संशोधक मांडतात. पुएब्लोपासून दूर राहिलेल्या या लोकांच्या भूमीलाही पुढे पुएब्लोतूनच आलेला प्रशासकीय साचा मिळाला, हे मला फार विलक्षण वाटतं. इफुगाव स्वतंत्र प्रांत झाला तो 1966 मध्ये.

'तालुका' या शब्दातही एक उणीव आहे. आपला तहसीलदार सरकार नेमतं, तिथला मेयर लोक 3 वर्षांसाठी निवडून देतात आणि त्याच्या जोडीला निवडून आलेली परिषद असते, सांग्गुनियांग बायन. (टागालोग या तिथल्या भाषेत 'बायन' म्हणजे गावही आणि देशही.) तरी वाचकाच्या डोळ्यांपुढे भूभाग नीट उभा राहतो तो तालुक्यानेच. मेयरला मात्र 'महापौर' करू नये, कारण महापौर म्हटला की महानगरपालिका आलीच. सरळ 'मेयर' लिहावं.

नेपाळने 2017 पासून 'गाउँपालिका' हा शब्द रूढ केला. त्यावरून 'ग्रामपालिका' असं कुणी सुचवेल. शब्द गोड आहे, पण नेपाळमध्ये गाउँपालिका आणि नगरपालिका हे कायद्याने वेगळे प्रकार आहेत. फिलिपिन्सच्या 1991 च्या स्थानिक शासन कायद्यात अशी 'ग्रामीण' म्युनिसिपालिटी वेगळी काढलेली नाही. तिथला 'ग्रामीण' हा नुसता वर्णनाचा शब्द आहे.

बरंगायला 'गाव' म्हणू नका. राजधानी मनिलातच जवळपास नऊशे बरंगाय आहेत. पूर्वी त्यांना 'बार्रिओ' हा स्पॅनिश शब्द होता, 1970 च्या दशकात तो बदलून बरंगाय आला. हा शब्द मुळात होडीचा, तिथून तो एका प्रमुखाखालच्या वस्तीला लागला. तो आहे तसाच ठेवावा.

तेव्हा तुमचं वाक्य असं करा: 'बनावे हा इफुगाव प्रांतातला डोंगराळ तालुका असून त्यात 18 बरंगाय आहेत.' लेखात म्युनिसिपालिटी हा शब्द पहिल्यांदा येईल तिथे कंसात एका ओळीचा खुलासा द्या, पुढे तालुकाच चालू ठेवा.